कऱ्हेकाठची राख

अष्टविनायकांच्या यात्रेचा आरंभ बारामती तालुक्यातील मोरगावापासून होतो. तेथे मयूरेश्वराच्या दर्शनाला जाणाऱ्या पुणेकरांपैकी कितीजण कऱ्हेच्या पात्राकडे वळून पाहतात? त्या काठच्या मातीत देवळाहून कितीतरी जुना ठेवा पडून आहे.

हा ठेवा म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा थर होय. दख्खनच्या लाव्ह्याशी तिचा संबंध नाही. तो कोट्यवधी वर्षांपूर्वीच थंडावला. ही राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीतून समुद्र ओलांडून आली. येथेच अश्मयुगीन मानवाच्या दगडी हातकुऱ्हाडीही सापडल्या आहेत. टोबाचा सर्वांत मोठा स्फोट सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी झाला. राख त्याचीच, असे एक मत आहे. उलट, थरांतील चुंबकीय दिशेवरून ते ७,८०,००० वर्षांहूनही जुने असावेत, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचे म्हणणे आहे.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. महाराष्ट्रात माणूस केव्हापासून वावरत आहे, या प्रश्नाचे उत्तर त्यात गुंतले आहे. हातकुऱ्हाड उचलून संग्रहालयात ठेवता येते; ती कोणत्या थरात होती, ही साक्ष मात्र वाळूच्या उपशात वा जमिनीच्या सपाटीकरणात एकदा गेली की कायमची गेली.

उशिरा जागे होण्याचा परिणाम पाहावयाचा तर मुंबईत अंधेरीस जावे. तेथील गिल्बर्ट हिल ही बेसाल्टच्या उभ्या स्तंभांची टेकडी सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांची. २००७ साली तिला वारसा-दर्जा मिळाला, तोवर भोवतीचा दगड खाणींनी नेला होता आणि सुमारे २०० फुटांचा एकाकी सुळका तेवढा उरला होता.

भूवारसा जतन करण्यासाठी केंद्राने २०२२ च्या डिसेंबरात विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. परंतु दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. राज्याच्या १९६० च्या अधिनियमात स्मारकांप्रमाणेच पुराणवस्तुशास्त्रीय स्थळांनाही स्थान आहे. या थरांचा अभ्यास करणारे डेक्कन कॉलेज पुण्यातच आहे. जिल्हा प्रशासनाने त्याच्या साहाय्याने काठाचा मोजका भाग आखून घ्यावा. ज्याची जमीन अडेल त्या शेतकऱ्यास रास्त मोबदला द्यावा. वारशाचा भार एकट्या शेतकऱ्याने सोसावा, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. गावच्या शाळेतील मुलांना हा थर शिक्षकांनी हाताने दाखवावा. ज्या गावाला आपल्या काठाचे मोल कळले, तेथे पहारेकरी नेमावा लागत नाही, असा आमचा विश्वास आहे.