वाढ कुठून कुठपर्यंत?

आठवडाभर कोड आणि मीटिंगा यातून मान वर काढता येत नाही, त्यामुळे खरडायला मिळतो तो फक्त वीकांत. आजचा विषय तसा रुक्ष आहे, आकड्यांचा आहे. पण याच आकड्यांवर आपल्यातले बरेच जण घर कुठे घ्यायचं आणि कुठे स्थायिक व्हायचं हे ठरवतात. तेव्हा जरा दम धरून वाचा. :)

कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा समजा. दर थोड्या दिवसांनी कुणीतरी 'रोजगारवाढीत पुढे असलेल्या काउंट्या' अशी यादी पाठवतं. वरच्या पाच हिरव्या रंगात, खालच्या पाच लाल रंगात, पुढे टक्के. मग जेवणाच्या टेबलावर चर्चा सुरू: "अरे, ती काउंटी बघ किती जोरात आहे, तिकडेच घर बघायला हवं." मला अशा वेळी एकच विचारावंसं वाटतं, की बाबा रे, ही वाढ कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंतची?

माझं मत आधीच सांगून टाकतो. एका वर्षाच्या वाढीवरून एवढंच कळतं की ती काउंटी सध्या चढावर आहे की उतारावर. वीस-पंचवीस वर्षांच्या वाढीवरून ती कशावर जगते ते कळतं. आणि ज्याला तीस वर्षांचं कर्ज काढायचंय त्याला लागणारी माहिती या दोन्हींत सहसा नसते. ती म्हणजे, ही काउंटी मागे पडली तेव्हा किती पडली, आणि उठायला तिला किती वर्षं लागली.

आधी हा आकडा येतो कुठून ते बघू. इथल्या प्रत्येक मालकाला कामगारांच्या बेकारी विम्यापोटी दर तिमाहीला सरकारकडे माणसं आणि पगार यांचा हिशेब द्यावा लागतो. तो हिशेब गोळा करून ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स 'क्वार्टर्ली सेन्सस ऑफ एम्प्लॉयमेंट अँड वेजेस' नावाचा विदा प्रसिद्ध करते. देशातल्या ९५ टक्क्यांहून जास्त नोकऱ्या यात येतात. नमुना पाहणी नाही, जवळजवळ पूर्ण शिरगणतीच. १९९० पासूनचे काउंटीवार आकडे फुकट उतरवून घेता येतात. तोटे दोन. एक म्हणजे आकडे पाचेक महिने उशिरा येतात. दुसरं म्हणजे स्वतःचा धंदा करणारे यात नसतात. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: नोकरी मोजली जाते ती कामाच्या ठिकाणी, तुम्ही राहता त्या ठिकाणी नाही. याकडे पुन्हा येतो.

आता आपल्या ओळखीची काउंटी घेऊ, सांता क्लारा. अ‍ॅपल, गूगल, इंटेल, सिस्को, एनव्हिडिया सगळे इथले. २००० च्या शेवटी या काउंटीत दहा लाखांच्या वर नोकऱ्या होत्या. (मी तेव्हा बालवाडीत होतो.) डॉटकॉमचा फुगा फुटला आणि पुढच्या तीनेक वर्षांत त्यातल्या सुमारे दोन लाख गेल्या. म्हणजे पाचातली जवळपास एक! थोडंफार सावरतंय तोवर २००८ ची मंदी आली आणि जे कमावलं होतं तेही गेलं. २००० सालचा आकडा परत दिसायला २०१५ उजाडलं. पंधरा वर्षं!

आता गंमत बघा. २०१० ते २०१५ एवढंच मोजलं तर वाढ वीस टक्क्यांच्या आसपास, देशातल्या मोठ्या काउंट्यांत अगदी वरच्या रांगेत. २००० ते २०१५ मोजलं तर वाढ जवळपास शून्य. काउंटी तीच, शेवटचं वर्ष तेच, फक्त सुरुवात बदलली. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिल्या आकड्यावर घरविक्रीची जाहिरात करता येते आणि दुसऱ्यावर निराशेचा लेख लिहिता येतो.

यात शाळेतलं साधं गणित लपलेलं आहे. शंभराचे ऐंशी झाले की घट वीस टक्के. पण ऐंशीचे परत शंभर व्हायला वाढ लागते पंचवीस टक्के. त्यामुळे जी काउंटी जास्त खोल पडते तिची पुढची वाढ जास्त दिमाखदार दिसते. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या २५ लाखांहून जास्त नोकऱ्या दोन महिन्यांत गेल्या. २०२१ च्या एप्रिलमध्ये 'गेल्या वर्षीच्या तुलनेत' म्हणून जे टक्के आले ते सगळे यामुळे फुगलेले. हॉटेलं आणि पर्यटनावर जगणारे भाग सगळ्यात जास्त झोपले होते, म्हणून पुढच्या वर्षी तेच सगळ्यात जास्त 'वाढले'.

उलट उदाहरण लॉस एंजेलिस काउंटीचं. १९९० च्या सुमाराला शीतयुद्ध संपलं, संरक्षण खात्याच्या ऑर्डरी आटल्या आणि विमान-क्षेपणास्त्रांच्या कारखान्यांतल्या चांगल्या पगाराच्या नोकऱ्या धडाधड गेल्या. मध्ये डॉटकॉम आलं, घरबांधणीची तेजी आली. त्या दोन्ही वेळी एकेका वर्षाची वाढ चांगली दिसली असणार. पण १९९० आणि २०१३ शेजारी ठेवले तर नोकऱ्या वाढल्या नव्हत्याच, उलट किंचित कमी झाल्या होत्या. या काळात लोकसंख्या मात्र लाखोंनी वाढली. दरवर्षीच्या बातमीत हे दिसत नाही, लांबून बघितल्यावरच दिसतं.

मग लांबचं बघणं नेहमी चांगलं का? तसंही नाही. रिव्हरसाइड आणि सॅन बर्नार्डिनो या दोन काउंट्या घ्या. १९९० ते २०१९ मध्ये दोघींच्या मिळून नोकऱ्या दुपटीहून जास्त झाल्या. लांबच्या यादीत एकदम हिरव्या! पण मधली वर्षं बघा. २००६ पर्यंत घरं बांधण्याचा सपाटा, मग बाजार कोसळला, दहातली साधारण एक नोकरी गेली आणि २०१० मध्ये बेकारी १४ टक्क्यांच्या आसपास पोचली. पुढे लॉस एंजेलिस आणि लाँग बीच बंदरांवर उतरणाऱ्या मालाची गोदामं आली आणि आलेख पुन्हा वर. पण गोदामातली नोकरी आणि सांता क्लारातली नोकरी एकच का? सांता क्लारात सरासरी साप्ताहिक पगार देशाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त आहे, या दोन काउंट्यांत तो देशाच्या सरासरीपेक्षा कमी. यादीत मात्र दोन्हीकडची नोकरी एक म्हणजे एकच.

लहान काउंट्यांची तर वेगळीच तऱ्हा. अल्पाइन काउंटीत २०२० च्या जनगणनेत बाराशेच्या आसपास माणसं होती. एखादं हॉटेल उघडलं की वाढ राज्यात पहिली, बंद झालं की शेवटची. त्यात बर्फावरच्या घसरगुंडीचा धंदा, म्हणजे हिवाळ्यात माणसं लागतात, उन्हाळ्यात नाही. माँटेरे काउंटीत उलटं. सॅलिनास खोऱ्यात सॅलडच्या पाल्याची शेती, हात लागतात ते उन्हाळ्यात. म्हणून जुलैची तुलना जुलैशीच करायची, जानेवारीशी नाही. एवढं साधं पथ्यही पुष्कळ याद्या पाळत नाहीत.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. माझा एक मित्र सध्या माउंटन हाउसमध्ये घर बघतोय. हे गाव सॅन वाकीन काउंटीत, अल्टामाँट खिंडीच्या पलीकडे, आणि आपल्याकडची बरीच मंडळी तिथे राहायला गेलीयेत. २०२४ च्या जुलैमध्ये ते अधिकृत शहरही झालं. मित्राचं म्हणणं, काउंटीची रोजगारवाढ जोरात आहे, ट्रेसी-स्टॉकटनकडे गोदामं येताहेत, म्हणजे घराची किंमत पडणार नाही.

मी त्याला म्हटलं, दोन गोष्टी बघ. पहिली, वर म्हटलं ते कामाच्या ठिकाणाचं. तू राहणार सॅन वाकीनमध्ये, पण तुझी नोकरी मोजली जाणार सांता क्लारात. तुझ्या शेजाऱ्यांतल्या निम्म्यांचं तेच. म्हणजे तुमच्या हप्त्यांची सुरक्षितता गोदामांवर नाही, खिंडीच्या अलीकडच्या हापिसांवर अवलंबून आहे. तू बघतोयस ती यादीच चुकीच्या काउंटीची आहे.

दुसरी, तिथे आधी काय झालं ते. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये याच माउंटन हाउसचं नाव देशभर गाजलं होतं. जवळपास ९० टक्के घरमालकांच्या डोक्यावर घराच्या किमतीपेक्षा जास्त कर्ज होतं. शेजारच्या स्टॉकटन शहराने २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. आणि २००५ साली तिथली वाढ बघून घर घेणारे काही मूर्ख नव्हते. त्यांनीही यादीच बघितली होती.

यावर तो म्हणाला, "अरे, पण ते जुनं झालं." हे मला पटत नाही. जुनं झालं म्हणून पुन्हा होणार नाही असं नव्हे. २०२२ च्या नोव्हेंबरात मेटाने ११ हजार आणि २०२३ च्या जानेवारीत गूगलने १२ हजार माणसं कमी करायची घोषणा केली तेव्हा आपण सगळ्यांनी पाहिलं, की या भागाचा तेजी-मंदीचा स्वभाव काही बदललेला नाही. २०२३ आणि २०२४ मध्ये राज्यात ज्या नव्या नोकऱ्या आल्या त्यातला मोठा भाग आरोग्यसेवा, समाजसेवा आणि सरकारी खात्यांतला. चांगलीच गोष्ट आहे, पण तिथे जावा लिहिणारा लागत नाही.

शिवाय आपल्यातल्या एच-१बी वाल्यांना नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. काउंटी पंधरा वर्षांनी सावरेल हो, पण आपल्याला थांबायचीच परवानगी नाही. इथल्या नागरिकाला मंदी काढता येते. शेजारच्या काउंटीत कमी पगारावर काम धरता येतं, गाडी चालवता येते. आपल्याला साठ दिवसांत त्याच प्रकारची, व्हिसा पुढे चालवणारी नोकरी शोधायची आणि तेव्हाच पडत्या बाजारात घर विकायचं. म्हणून सरासरी वाढीपेक्षा सगळ्यात वाईट तीन वर्षं आपल्याला जास्त लागू पडतात.

मग करायचं काय? मी मित्राला सांगितलं तेच इथे टंकतो. जिथे राहणार ती आणि जिथे नोकरी आहे ती, अशा दोन्ही काउंट्यांचे १९९० पासूनचे आकडे उतरवून घ्या. एकच आलेख काढा. त्यावर तीन गोष्टी शोधा: शिखर ते शिखर वाढ किती (तळापासून शिखरापर्यंत मोजायची नाही, ती फसवते), सगळ्यात मोठी घसरण किती, आणि घसरणीनंतर जुना आकडा गाठायला लागलेली वर्षं किती. मग आपल्या धंद्यातल्या नोकऱ्यांसाठी तोच आलेख वेगळा काढा. एका दुपारचं काम आहे. घर बघायला आपण दहा शनिवार-रविवार घालवतो, त्यातली एक दुपार इथे घालवायला काय हरकत आहे?

पुण्यातले वाचक म्हणतील, आम्हाला याचा काय उपयोग? खरं सांगायचं तर मला तुमचीच जास्त काळजी वाटते. हिंजवडीत घर घेणाऱ्याला असा आलेख काढायचा म्हटलं तरी मालकांच्या हिशेबातून दर तिमाहीला जिल्हावार मोजलेल्या जवळजवळ सगळ्या नोकऱ्यांचा आकडा आपल्याकडे सहज मिळत नाही. बिल्डरचं माहितीपत्रक, ओळखीच्यांचे अनुभव आणि रस्त्यावरची गर्दी, एवढ्यावर भागवावं लागतं. ही मागणी खरं तर आपण करायला हवी. मोजदाद असेल तर निदान भांडता तरी येतं.

मित्र घर घेईलच असं दिसतंय, बायकोला तिथली शाळा आवडलीय. घेऊ दे. शाळा हे घर घेण्याचं उत्तम कारण आहे. फक्त मी त्याला म्हटलंय की वर्षभराचे हप्ते बाजूला असल्याशिवाय सही करू नकोस, आणि ती हिरव्या-लाल रंगाची यादी मला पुन्हा पाठवू नकोस.

असो. तुमच्या काउंटीचा आलेख काढलात तर जरूर कळवा. पुढच्या वीकांताला भेटूच.