भाऊचा धक्का कोणाचा?

वाहतुकीचा विचार आपण रस्ता आणि रेल्वे या दोनच साधनांच्या भाषेत करतो. जलप्रवास म्हटला की सहल आठवते. घारापुरीची लेणी आणि गेटवेवरची हौशी गर्दी डोळ्यांपुढे येते. परंतु ज्या शहराचा जन्मच बेटांवर झाला त्या मुंबईत पाणी ओलांडणे ही अनेकांच्या उपजीविकेची गरज आहे. समुद्रापासून तीनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या औरंगपुऱ्यात या विषयाची उठाठेव कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, हा प्रश्न केवळ समुद्राचा नाही. सार्वजनिक पैसा कोणाच्या सोयीसाठी खर्च होतो आणि कोणाला केवळ दैवावर सोडले जाते, याचा तो प्रश्न आहे.

भाऊचा धक्का हे नाव महाराष्ट्राला सुपरिचित आहे. एकोणिसाव्या शतकात लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी तो बांधला आणि त्यांचेच नाव त्याला चिकटले. उरणजवळच्या मोऱ्याला आणि अलिबागकडील रेवसला जाणाऱ्या लाँचेस येथूनच सुटतात. नोकरदार, मासळी विकणाऱ्या स्त्रिया, विद्यार्थी, रुग्ण असा हा प्रवासीवर्ग आहे. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्य अवघ्या चार आठवड्यांवर आले असताना, याच धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. सणासाठी गावी निघालेली, खिशाला परवडणारे तिकीट काढून बसलेली ती साधी माणसे होती. जलमार्गाने जाणाऱ्या सामान्य प्रवाशाची काळजी वाहणे हे सार्वजनिक कर्तव्य आहे, हा धडा त्या दिवसाने शिकवावयास हवा होता.

तो आपण किती शिकलो? मोरा बंदरात गाळ साचतो. मोठ्या ओहोटीच्या वेळी पाण्याची खोली इतकी घटते की लाँच धक्क्याला लागू शकत नाही आणि काही तास वाहतूक बंद ठेवावी लागते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दहा वाजता हजेरीपटावर सही करणाऱ्या कारकुनाला वेगापेक्षा खात्रीची किंमत अधिक असते. पाऊण तासाचा प्रवास एक तासाचा झाला तरी तो सोसतो. परंतु लाँच आज सुटेल की नाही हेच ठाऊक नसेल, तर त्याला दररोजच घरातून लवकर निघावे लागते. असे वाया गेलेले तास कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाहीत. गाळ काढण्याचा खर्च मात्र दिसतो आणि म्हणून तो जड वाटतो.

यावर कोणी म्हणेल की, आता अटल सेतू झाला आहे. लाँचची चिंता कशाला? शिवडी आणि न्हावा-शेवा यांना जोडणारा सुमारे बावीस किलोमीटरांचा हा पूल १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. अभियांत्रिकीच्या दृष्टीने तो अभिमानास्पद आहे, यात शंका नाही. परंतु त्यावर दुचाकीला आणि रिक्षाला प्रवेश नाही, आणि मोटारीला एका फेरीसाठी अडीचशे रुपये पथकर आहे. काही बसगाड्या त्यावरून धावतात, हे खरे. तथापि पुलाचा मुख्य लाभ मोटारवाल्यांनाच मिळतो. त्याच दिवशी उरणपर्यंत रेल्वेही पोहोचली, ही समाधानाची गोष्ट. पण ती गाडी मुंबईच्या बंदरभागात उतरवीत नाही; नेरूळला किंवा बेलापूरला गाडी बदलून खाडीचा वळसा घालावा लागतो. लाँच मात्र आजही सरळ पाणी कापून जाते.

दुसरा आक्षेप बाजारपेठेचा. प्रवासी घटत आहेत, मग खर्च का करावा? हा युक्तिवाद वर्तुळाकार आहे. धक्का गैरसोयीचा ठेवावयाचा, वेळापत्रक ओहोटीच्या स्वाधीन करावयाचे आणि माणसे दुसरीकडे वळली की मागणीच नाही असे म्हणावयाचे! फेब्रुवारी २०२२ मध्ये बेलापूरपासून जलटॅक्सी मोठ्या समारंभाने सुरू झाली. तिच्या स्पीडबोटीचे एका खेपेचे भाडे आठशे रुपयांच्या घरात होते. प्रतिसाद मिळाला नाही, यात नवल कसले? त्यावरून लोकांना जलमार्ग नको आहे असा निष्कर्ष काढणे म्हणजे दुकानात केवळ रेशीम ठेवून गावाला वस्त्रांची गरज नाही असे ठरविण्यासारखे आहे. २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट धावते आहे. मोऱ्याच्या रो-रो जेट्टीचे काम मात्र वर्षानुवर्षे रेंगाळले. मांडव्याला बंगले आहेत आणि मोऱ्याला नोकरदार, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे.

याहून निराळे करता येते, हे कोचीने दाखविले आहे. २५ एप्रिल २०२३ रोजी तेथे वॉटर मेट्रो सुरू झाली. किमान तिकीट वीस रुपये ठेवण्यात आले. धक्के तरंगते आहेत, म्हणजे पाण्याच्या पातळीबरोबर तेही वरखाली होतात. त्यामुळे वृद्धाला वा अपंगाला सपाटीवरूनच बोटीत पाऊल टाकता येते. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतील अंतर चार मीटरांहून अधिक असते; तेथे ही सोय चैनीची नसून अत्यावश्यक मानली पाहिजे. न्यूयॉर्कने तर स्टेटन बेटाची फेरी १९९७ पासून विनामूल्य केली. भांडवलशाहीच्या त्या माहेरघरालाही फेरीबोट म्हणजे रस्ताच, हे तत्त्व पटले आहे.

गेटवेजवळ रेडिओ क्लबपाशी नवी जेट्टी उभारण्यास मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये मान्यता दिली. ती देताना न्यायालयाने जी अट घातली ती मननीय आहे: तेथील प्रेक्षागार मनोरंजनासाठी न वापरता केवळ बोटीची वाट पाहणाऱ्या प्रवाशांच्या बसण्यासाठी वापरावे. धक्का प्रवाशाचा असतो, हे इतक्या सोप्या शब्दांत न्यायालयाला सांगावे लागले!

हा विषय आपल्यापासून दूर आहे असे ज्यांना अजूनही वाटत असेल, त्यांनी आपल्याच जिल्ह्यातील भिव धानोरा आठवावे. गंगापूर तालुक्यातील या गावची मुले जायकवाडीच्या पाणफुगवट्यातून थर्माकोलच्या तराफ्यावर बसून शाळेत जातात, हे २०२३ साली साऱ्या देशाने वाचले. ज्या जलाशयाने शहराची तहान भागविली, त्याच्या काठच्या मुलांना साधी नाव मिळू नये? मोऱ्याचा गाळ आणि भिव धानोऱ्याचा तराफा ही एकाच दृष्टिदोषाची दोन लक्षणे आहेत. पाण्याने तोडलेल्या माणसाचा मार्ग हा आपण मार्गच समजत नाही.

उपाय अवघड नाहीत. बंदरातील गाळ काढण्यासाठी रस्तेदुरुस्तीप्रमाणे दरवर्षी निश्चित तरतूद असावी. धक्क्याच्या दारापर्यंत शहर बस यावी आणि तिचे वेळापत्रक लाँचशी जुळविलेले असावे. लाँच, बस व रेल्वे यांचे तिकीट एक असावे. आणि जेथे जलाशयाने गाव तोडले आहे, तेथे पूल होईपर्यंत सुरक्षित नाव पुरविणे ही शासनाची बांधील जबाबदारी मानावी. एका भाऊने कधीकाळी धक्का बांधला. तो सर्वांचा राहील एवढे पाहणे हे आता शासनाचे काम आहे, आणि त्याची त्याला आठवण करून देणे हे आपले.