वकिलीचा दरवाजा कोणासाठी?

बारावीचा निकाल लागला की उपनगरांतील कार्यकर्त्यांच्या घरी हल्ली एक प्रश्न ऐकू येतो : मुलीला कायद्याला घालावे काय? पूर्वी नोकरी सांभाळून पदवी घ्यावी आणि सकाळच्या वर्गांना बसून वकिलीची परीक्षा द्यावी, असा मार्ग कैक युनियन कार्यकर्त्यांनी चोखाळला. आज त्या मार्गाच्या तोंडाशीच प्रवेशपरीक्षा उभी आहे.

परीक्षा दोन आहेत आणि त्यांतील भेद वर्गीय आहे. २००८ साली सुरू झालेली ‘क्लॅट’ राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी. तिची प्रश्नपत्रिका इंग्रजीतच असते, नुसत्या अर्जाला खुल्या वर्गातील विद्यार्थ्याकडून चार हजार रुपये घेतले जातात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. दुसरी, २०१६पासूनची राज्याची सीईटी. ती मराठीतूनही देता येते आणि तीत चुकीला दंड नाही. मुंबईचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ पवईत, म्हणजे घाटकोपर-मुलुंडच्या उंबरठ्यावर आहे. परंतु शेजारच्या वस्तीतील मुलाला तिथवर पोहोचायचे तर आधी शिकवणीवर्गाचे शुल्क आणि मग वर्षाचे लाखांच्या घरातले शुल्क, असे दोन डोंगर ओलांडावे लागतात. याला गुणवत्तेची चाळणी म्हणणाऱ्यांच्या निरागसतेचे कौतुक वाटते.

आमच्यातील काही मित्र म्हणतात, कायदा हे सत्ताधारी वर्गाचेच हत्यार; आपली मुले तिकडे कशाला पाठवायची? या मित्रांनी गोरेगावचा इतिहास आठवावा. बाबुराव सामंतांनी सिमेंट प्रकरण न्यायालयात नेले. जानेवारी १९८२मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल आला आणि मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. मृणालताई आणि सामंत यांच्या नागरी निवारा परिषदेची दिंडोशीतील घरेही मोर्चांइतकीच कोर्टाच्या कज्ज्यांतून उभी राहिली. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. सत्र न्यायालयाने पोलीस अधिकाऱ्यास शिक्षा सुनावण्यास २००९ साल उजाडले. एवढी वर्षे कागद धरून ठेवणारा वकील भाड्याने मिळत नाही.

आणि आज? झोपडीवर चिकटवलेली नोटीस वाचून घेण्यासाठी आमचा कार्यकर्ता फाइल काखोटीला मारून वकिलांच्या पायऱ्या झिजवतो. २९ कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता आल्या. त्यांतील कलमे कामगाराला समजावून सांगणारी किती माणसे आपल्या शाखांत आहेत?

तेव्हा मुलीला कायद्याला अवश्य घालावे; मात्र ‘क्लॅट’ हुकली म्हणजे वकिली हुकली, हा शिकवणीवाल्यांनी पसरवलेला समज घरात शिरू देऊ नये. राज्याच्या परीक्षेतून शासकीय विधी महाविद्यालयाचे दार उघडते. १८५५ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे प्राचार्यपद डॉ. आंबेडकरांनी भूषविले होते. पदवी हाती असलेल्या चाळिशीतल्या कार्यकर्त्यालाही तीन वर्षांचा अभ्यासक्रम खुला आहे. सनदेच्या वेळची लूटही काहीशी थांबली आहे : जुलै २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीशुल्काला खुल्या वर्गासाठी ७५० व अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांची मर्यादा घातली.

उरतो अभ्यास. या परीक्षांत तर्क, वाचन आणि चालू घडामोडी विचारतात. कायदा पाठ असावा लागत नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील शाखांनी आपली वाचनालये संध्याकाळी सात ते नऊ या मुलांसाठी उघडावीत, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणून ठेवाव्यात आणि रोज एक इंग्रजी अग्रलेख मोठ्याने वाचून घ्यावा. पक्षाशी संबंधित वकिलांनी आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी. ‘क्लॅट’ अलीकडे डिसेंबरात होते. वर्ग जूनमध्येच सुरू व्हायला हवेत.