गाव शहरात जाण्याआधी दप्तर मोजून घ्या



मृगाच्या आधी आपण घरच्या ज्वारीच्या बियाण्याची उगवण तपासतो. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, आणि मग मोड आलेले दाणे मोजायचे. पंच्याहत्तरच्या खाली आले तर बियाणे बदलायचे, नाहीतर एकरी जास्त टाकायचे. पेरल्यावर तपासून काही उपयोग नसतो, हे कोणत्याही शेतकऱ्याला कृषी महाविद्यालयाने शिकवावे लागत नाही. पण गावाची हद्द शहराला जोडली जाते तेव्हा हाच शेतकरी काहीही न मोजता मोकळा होतो. हद्दवाढ झाल्यावर विचारतो, आमचे काय काय गेले?

हा प्रश्न दूरचा नाही. 2016 मध्ये अकोला महापालिकेची हद्द वाढली आणि भोवतालची 24 गावे शहरात आली. त्याआधी 2014-15 मध्ये राज्यभर तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायती मोडून नगरपंचायती झाल्या. त्यांच्या हद्दीत कपाशीची, ज्वारीची शिवारेही गेली. उद्या पाळी आपली असू शकते.

कायदा म्हणतो, ग्रामपंचायतीची मालमत्ता, शिल्लक पैसा आणि देणी नव्या संस्थेकडे जातात. हे कागदावर ठीक आहे. पण जे वहीत लिहिलेले आहे तेच जाते. वहीत नसलेली पाणंद कोणाकडे जाणार? गावाने वर्गणीतून खोदलेली विहीर, गुरांचा हौद, सरणाची जागा, बैलबाजाराचे मैदान यांची नोंद किती गावांत धड आहे? आम्ही एका गावात बसून दप्तर उघडले. गावाचे नाव सांगत नाही. तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने चौदा पाणंदी तोंडपाठ सांगितल्या. वहीत सहा निघाल्या. उरलेल्या आठ पाणंदींचा पुरावा एवढाच, की त्या म्हाताऱ्याला आठवतात. गाव शहरात गेल्यावर तिथे इमारतीचा नकाशा मंजूर झाला, तर बैलगाडी कोणत्या वाटेने न्यायची?

खरा धोका मधल्या काळाचा असतो. पुण्याकडे पाहा. 2021 च्या जूनअखेर 23 गावे महापालिकेत आली, ग्रामपंचायती संपल्या. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक बसला. पुढची निवडणूक जानेवारी 2026 मध्ये झाली. म्हणजे साडेचार वर्षे महापालिकेत या गावांनी निवडून दिलेला एकही माणूस नव्हता. सरपंच गेला, नगरसेवक आला नाही. कर मात्र आला. 2017 मध्ये त्याच महापालिकेत गेलेली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे शेवटी बाहेर पडली आणि 2024 मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. आत जायला एक अधिसूचना पुरली. बाहेर यायला सात वर्षे लागली.

आणखी दोन गोष्टी जातात, त्या कोणी सांगत नाही. पहिली ग्रामसभा. 1993 पासून तिला घटनेत जागा आहे, तिथे कोणीही मतदार उठून हिशेब मागू शकतो. शहरासाठी क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात 2009 पासून आहे, पण अशी सभा भरलेली आम्ही अजून पाहिली नाही. दुसरी गोष्ट जमिनीची. दहा हजारांवर वस्तीच्या शहराच्या हद्दीत आलेली शेतजमीन आयकर कायद्याच्या नजरेत ग्रामीण राहत नाही. विकली तर भांडवली नफ्यावर कर लागू शकतो. शहराची वस्ती लाख ते दहा लाख असेल, तर हद्दीबाहेरच्या 6 किलोमीटरच्या पट्ट्यालाही तोच नियम. हद्द पुढे सरकली की पट्टाही सरकतो.

आम्ही शहरात जाण्याच्या विरोधात नाही. नळाचे पाणी, नाली, दिवा, दवाखाना हे मायबहिणींना हवे आहे आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. डोक्यावर हंडा वाहणाऱ्या बाईला ग्रामसभेच्या गोडव्याने पाणी मिळत नाही. मागणी एवढीच, की देणेघेणे आधी मोजावे आणि दोन्हीकडच्या सह्या व्हाव्यात.

म्हणून चार कामे सांगतो. एक, प्रारूप अधिसूचना निघाली की हरकतीची मुदत पाहा आणि मुदतीत लेखी हरकत द्या, पोच घ्या. तोंडी हरकत म्हणजे वाऱ्यावरची उफणणी. दोन, खास ग्रामसभा बोलावून पाणंद, गायरान, विहीर, हौद, स्मशान यांची शिवारफेरी करून यादी करा आणि ती ठरावात लिहा. मालमत्तेच्या, रस्त्यांच्या आणि जमिनीच्या नोंदवह्यांच्या, तसेच नमुना 8 च्या प्रमाणित प्रती गावात ठेवा. तीन, नळ सोडणारा, झाडूवाला, शिपाई यांची हजेरी आणि पगाराचे कागद जपा. आकृतीबंधात बसत नाहीत म्हणून पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर येते. चार, ठरावातच मागणी करा, की शेतीच्या जमिनीवर आणि गोठ्यावर काय कर लागणार आणि निवडणूक कधी होणार हे आधी लेखी सांगा.

जिल्हा बैठकीला येताना आपल्या गावाची पाणंदींची यादी घेऊन या. कोऱ्या कागदावर लिहिलेली असली तरी चालेल. वहीतल्या पाणंदी किती आणि पायाखालच्या किती, हे एकदा समोरासमोर मोजू. ज्या म्हाताऱ्यांना त्या आठवतात, ते आहेत तोवरच हे मोजून होईल.