कर्ज कोणाच्या सहीने?

स्वमग्न प्रौढांनी स्वतःचा व्यवसाय उभारावा, यासाठी कायदा अनुकूल आहे. खोळंबा सहीपाशी होतो. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली, मात्र भर पालकत्वावर राहिला. डिसेंबर २०१६ मध्ये संसदेने संमत केलेल्या दिव्यांग हक्क कायद्याने दृष्टी बदलली. कलम १३ आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा आणि बँकेचे कर्ज मिळवण्याचा समान हक्क देते. कलम ३७ लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांना व्यवसायासाठी सवलतीच्या दरातील भूखंडांत पाच टक्के आरक्षण देते.

तथापि १८७२ चा करार कायदा करार करणारा सुबुद्ध असावा, असे सांगतो. व्यवहार समजण्याची आणि त्याच्या आपल्या हितावरील परिणामाबाबत विवेकाने निर्णय घेण्याची क्षमता हा त्याचा निकष आहे. स्वमग्नतेचे निदान म्हणजे अपात्रता नव्हे. सावध बँक अधिकारी हा भेद न करता पालकांची सही मागतो, तेव्हा व्यवसाय मुलाचा आणि कर्जदार पालक, अशी स्थिती होते. पालकांच्या पश्चात त्या व्यवसायाचे काय? कलम १४ मधील मर्यादित पालकत्व परस्पर विश्वासाने संयुक्त निर्णय घेण्यास सांगते. बँकांना त्यानुसार स्पष्ट निर्देश मिळाले नाहीत, तर हा हक्क राजपत्रापुरताच उरेल.