मागच्या चाकांचे आकडेही बघा

‘मागे काही ॲडजस्ट होत नाही, साहेब.’ अलाइनमेंटसाठी गाडी रॅम्पवर चढवली की हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. ते खोटं नाही. स्विफ्ट, बलेनो, आय-ट्वेंटी, नेक्सॉन, होंडा सिटी अशा आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना मागे टॉर्शन बीम असतो. दोन्ही चाकांना जोडणारा एकच पोलादी बीम, पुढच्या बाजूने दोन जाड रबरी बुशांवर बॉडीला टांगलेला. चाकाची दिशा किंवा झुकाव बदलायला कंपनीने तिथे नट दिलेलाच नसतो. पण फिरवायला नट नाही म्हणून मोजायचंही नाही, हा जो पुढचा निष्कर्ष काढला जातो तो मला अजिबात मान्य नाही. जिथे कुणी हात लावू शकत नाही तिथला आकडा हलला असेल, तर काहीतरी वाकलंय, झिजलंय किंवा सैल झालंय. अलाइनमेंटच्या कागदावरचा पुढचा लाल, म्हणजे मापाबाहेरचा, आकडा पाना लावून हिरवा करता येतो. मागचा लाल आकडा दुखणं कुठे आहे ते सांगत असतो, आणि नेमका तोच आपण सोडून देतो.

साताऱ्याच्या एका वाचकाने अलाइनमेंटचा छापील कागद पाठवलाय, तो समोर ठेवूनच लिहितो आहे. पाच वर्षांची हॅचबॅक. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग किंचित डावीकडे राहतं, ताशी ६० किलोमीटरच्या पुढे मागून घुमल्यासारखा आवाज येतो आणि मागचा डावा टायर आतल्या कडेने संपत आलाय. दोनदा अलाइनमेंट झाली, पुढचे दोन्ही टायर नवे घातले, तरी फरक नाही. कागदावर पुढचे सगळे आकडे हिरवे. मागच्या उजव्या चाकाचा टो अधिक ८ मिनिटं, कॅम्बर उणे १ अंश १५ मिनिटं, हेही हिरवे. मागच्या डाव्या चाकाचा टो उणे २२ मिनिटं, कॅम्बर उणे २ अंश १० मिनिटं, दोन्ही लाल. आणि त्या दोन लाल चौकोनांवर कुणीतरी पेनाने आडवी रेघ मारली आहे.

ती रेघ जिथे मारली तिथेच सगळं उत्तर आहे. मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. टो अधिक असेल तर चाकाचं तोंड आत वळलेलं, उणे असेल तर बाहेर. कॅम्बर उणे म्हणजे चाकाची वरची बाजू आत कललेली. आता दोन्ही मागच्या चाकांच्या टोमधला फरक काढा: ३० मिनिटं. त्याच्या निम्मे १५ मिनिटं, म्हणजे पाव अंश, हा झाला थ्रस्ट अँगल. मागची चाकं मिळून गाडीच्या मधल्या रेषेपासून पाव अंश डावीकडे निघाली आहेत. गाडी सरळ न्यायची तर पुढची चाकंही तेवढीच डावीकडे धरावी लागतात. स्टेअरिंगचं प्रमाण साधारण सोळास एक धरलं तर हातात चार अंशांचा फरक येतो. स्टेअरिंगच्या कडेवर मोजाल तर जेमतेम सव्वा सेंटीमीटर. एवढं स्टेअरिंग वाकडं राहिलं की आपण पुढच्या चाकांवर संशय घेतो, आणि पुढचे टायर उगाच बदलले जातात.

काही ठिकाणी यावर पुढचे दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवून स्टेअरिंग सरळ करून देतात. ग्राहक खूश होतो. गाडी मात्र पूर्वीइतकीच तिरकी धावत राहते आणि टायर पूर्वीसारखेच झिजत राहतात. स्टेअरिंग सरळ झालं म्हणजे अलाइनमेंट बरोबर झाली, असं धरून चालू नका.

झीज किती होते त्याचाही हिशोब करू. दोन्ही मागच्या चाकांचा टो मिळवला तर उणे १४ मिनिटं. तिरकी धावणारी गाडी तो दोन्ही चाकांत वाटून घेते, प्रत्येकी ७. फक्त ७ मिनिटांनी वळलेलं चाक दर किलोमीटरला २ मीटर आडवं घासत जातं. १०,००० किलोमीटर चाललेल्या गाडीचे मागचे टायर २० किलोमीटर आडवे फरपटलेले असतात. त्यात डाव्या चाकाचा कॅम्बर वाढलेला, म्हणून सगळा जोर त्याच्या आतल्या कडेवर. उभं राहून बघितलं तर ही कड दिसत नाही. खाली बसून, टायरच्या मागून हात घालून ती चाचपावी लागते.

हाताने चाचपणं ही माझ्या मते सगळ्यात खात्रीची आणि फुकटची तपासणी आहे. तळवा टायरच्या रुंदीवरून आधी आतून बाहेर आणि मग बाहेरून आत फिरवा. एकीकडे गुळगुळीत आणि परत येताना करवतीसारखं टोचलं तर टो बिघडलाय. मग टायरच्या गोलाईवरून फिरवा. ठरावीक अंतराने खोलगट खळगे लागले तर शॉकअप कमजोर झालेत आणि चाक रस्त्यावर उड्या मारतंय, किंवा बेअरिंग सैल आहे. फक्त आतली कड गुळगुळीत, बाकी नक्षी शाबूत, असं असेल तर कॅम्बरकडे बघा. पुढे इंजिन असलेल्या गाडीची मागची बाजू हलकी असते, त्यामुळे टो बिघडला की मागच्या टायरवर तिरके चट्टेही लवकर पडतात.

यासाठीच एक आग्रह आहे: टायर वाचून झाल्याशिवाय रोटेशन करू देऊ नका. सर्व्हिसिंगला गाडी गेली की मागचे टायर पुढे आणि पुढचे मागे जातात, आणि कुठल्या चाकाने काय केलं याचा पुरावा त्याच क्षणी विस्कटतो. आधी फोटो काढा, कुठलं चाक ते लिहून ठेवा, मग हवं तर रोटेशन करा.

मागून येणाऱ्या घुमण्याबद्दल वाचक बरंच विचारतात, कारण गॅरेजमध्ये त्यावर बेअरिंग बदलायला सांगतात आणि बदलूनही आवाज जात नाही. आवाज टायरचा असेल तर डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर गेल्यावर त्याचा सूर बदलतो. बेअरिंगचा असेल तर रस्ता कुठलाही असो, तो तसाच राहतो आणि वळणावर भार एका बाजूला गेला की वाढतो किंवा कमी होतो. तरी शंका असेल तर मागचे टायर पुढे घालून बघा (फोटो काढून झाल्यावर). आवाज पुढे आला तर बेअरिंगचा खर्च वाचला. शिवाय पुढच्या चाकांखाली दगड लावून, हँडब्रेक सोडून, मागचं चाक जॅकवर उचला आणि वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला आणि हँडब्रेक ओढल्यावर तो नाहीसा झाला, तर दोष बेअरिंगचा. सैल बेअरिंग ठेवून केलेली अलाइनमेंट कागदावर खोटे आकडे दाखवते, म्हणून ही तपासणी मशीन लावण्याआधीच व्हायला हवी.

आता त्या साताऱ्याच्या कागदाकडे परत. मागचे आकडे दोन प्रकारे बिघडतात. दोन्ही चाकं सारख्याच मापाने एकाच दिशेला वळली असतील, म्हणजे एकाचा टो जेवढा वाढला तेवढाच दुसऱ्याचा घटला आणि कॅम्बर जागेवर असेल, तर अख्खा बीम तिरका बसलाय. बुश फाटले असतील, बोल्ट सरकला असेल किंवा अपघातात बीम टांगायची जागाच हलली असेल. या प्रकारात दोन्ही टोची बेरीज बरोबर येते, म्हणून नुसती बेरीज बघणाऱ्याला गाडी निरोगी वाटते. दुसऱ्या प्रकारात एकच चाक बिघडतं, टो आणि कॅम्बर दोन्हींनी, आणि दुसरं ठीक असतं. मग दुखणं त्या एकाच बाजूला आहे: स्टब ॲक्सल, हब किंवा बीमचं ते टोक. आपल्या वाचकाची गाडी सरळसरळ दुसऱ्या प्रकारातली. खड्ड्याची पलीकडची कड चाकाला एकाच वेळी मागे आणि वर ढकलते. मागे ढकललं की चाकाचं तोंड बाहेर वळतं, वर ढकललं की माथा आत कलतो. टो उणे आणि कॅम्बर जास्त उणे, ही खड्ड्याचीच सही आहे. आपण रस्त्याच्या डाव्या अंगाने चालतो आणि पावसाळ्यात साइडपट्टीच आधी खचते, त्यामुळे डाव्या चाकाने मार खाल्ला यात नवल नाही.

उपाय काय? बऱ्याच गाड्यांत स्टब ॲक्सल बीमला चार बोल्टांनी जोडलेला असतो. आधी तो बदलून पुन्हा मोजावं. आकडे जागेवर आले तर काम संपलं, नाही आले तर बीमच वाकलाय आणि तो बदलावा लागेल. आधी बीम बदलायला सांगणाऱ्याला ‘स्टब तपासला का?’ एवढं जरूर विचारा. स्टबच्या मागे पातळ, उतरत्या जाडीची चकती घालूनही थोडाफार कोन सुधारता येतो, पण मुळात काय वाकलंय ते कळल्याशिवाय नको. आणि साखळी-जॅक लावून बीम ‘सरळ’ करून देणाऱ्याकडे गाडी नेऊ नका. एकदा वाकलेलं आणि पुन्हा वाकवलेलं पोलाद पुढच्या खड्ड्यात काय करेल याची हमी कुणी देत नाही.

बुश बदलत असाल तर एका गोष्टीसाठी समोर उभे राहा. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना बुशाचे मोठे बोल्ट पूर्ण आवळले, तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट हलके बसवून, गाडीचं वजन चाकांवर घेऊन, मगच शेवटचा आवळ द्यायचा. घाईच्या गॅरेजमध्ये नेमकं हेच राहतं. बुश गेलेत का हे कळायला मात्र मशीन लागत नाही. गतिरोधकावरून मागची चाकं उतरताना ‘टक्’ असा बोजड आवाज येतो आणि लेन बदलताना मागचा भाग क्षणभर उशिराने वळतो. टॉमी लावून बीम हलवला की फाटलेलं रबर डोळ्यांना दिसतं.

शॉकअपचं थोडक्यात. बाहेरून तेलाचा हलका ओलसरपणा चालतो, ओघळ चालत नाही. बदलायचे तर जोडीनेच. आणि डिकीत सीएनजीची टाकी बसवलेली असेल तर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंना टेपने मोजा. एक बाजू स्पष्ट खाली असेल तर स्प्रिंगचा खालचा वेढा तुटलेला असू शकतो. तो खालच्या वाटीत बसलेला असल्याने वरून बघून कळत नाही.

एक्सयूव्ही ७०० सारख्या मागे मल्टिलिंक असलेल्या गाडीचे मालक असाल तर तुमच्याकडे मागेही ॲडजस्टमेंट असते, आणि ‘होत नाही’ हे उत्तर तुम्ही ऐकून घ्यायचंच नाही.

या सगळ्याकडे मी फक्त टायरच्या खर्चासाठी बघत नाही. पुढचं चाक घसरलं तर गाडी वळणावर बाहेर जायला लागते आणि पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उठतो. मागचं चाक घसरलं तर गाडी गर्रकन फिरते, आणि ती सावरणं सराईत चालकालाही सहज जमत नाही. ओल्या खंबाटकी घाटात, उतारावर ब्रेक मारताना तोंड बाहेर वळलेलं मागचं चाक नको.

पाऊस संपला की अलाइनमेंटला रांगा लागतील. तुमची पाळी आली की काम सुरू होण्याआधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही कागद मागा, आणि दोन्हींवर चारही चाकांचे आकडे असल्याशिवाय पैसे देऊ नका. मागचा आकडा लाल असेल तर कारण विचारा. ते शोधायला जो मेकॅनिक तासभर घालवेल, त्याला त्या तासाचे पैसे आनंदाने द्या.