ठळक, तिरपें आणि उतावीळ

मराठी ग्रंथांत आणि नियतकालिकांत हल्ली एक खोड बळावत चालली आहे. परिच्छेद शांतपणें वाचीत असतां मध्येंच एखादें वाक्य काळेंभोर होऊन उजवीकडे कलतें. लेखकास तें महत्त्वाचें वाटलें, एवढाच त्याचा अर्थ! ह्या प्रकारास आमचा स्पष्ट विरोध आहे.

आम्ही त्या अक्षराचे जन्मवैरी मात्र नाहीं. टोकांना पायटी नसलेलें, ठळक व तिरपें रोमन अक्षर ही पूर्ण विचारान्तीं घडविलेली वस्तु असूं शकते. आद्रियन फ्रुटिगर यांचें 'युनिव्हर्स' हें अक्षरकुल १९५७ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांतील २१ भावंडांना त्यांनीं नांवांऐवजीं अंक दिले व ठळक-तिरप्या भावंडाच्या वांट्यास ६६ हा अंक आला. सरळ अक्षर नुसतें एका अंगास ढकललें तर त्याच्या वाटोळ्या रेषा एकीकडे फुगतात, दुसरीकडे रोडावतात. म्हणून जाणत्या कारागिरास त्या पुन्हां आखाव्या लागतात. असें निगुतीनें घडलेलें अक्षर जाहिरातीवर किंवा दुकानाच्या पाटीवर शोभतें. तेथें दोनचार शब्दच असतात आणि घाईनें, जोरानें सांगावयाचें असतें.

परंतु ग्रंथाचें पान म्हणजे दुकानाची पाटी नव्हे. तिरप्या अक्षराचा जन्मही आरडाओरडीसाठीं झाला नव्हता. व्हेनिसच्या आल्डस मानुशियसनें १५०१ सालीं व्हर्जिलचें काव्य लहान आकाराच्या पुस्तकांत सबंध तिरप्या अक्षरांत छापलें. तें अक्षर तत्कालीन धांवत्या हस्ताक्षरावरून घेतलेलें होतें.

आमच्याकडे धांवत्या लेखणीचें काम मोडीनें केलें; ग्रंथासाठीं बाळबोध उभी राहिली. आज संगणकाची एक कळ दाबतांच जी बाळबोध कलते, ती बहुधा कोणीं घडविलेली नसतेच. शिरोरेघ आडवी राहते आणि तिच्याखालचे दंड वाऱ्यानें कललेल्या जोंधळ्यासारखे दिसूं लागतात. त्यांत ठळकपणाची भर पडली कीं 'क्ष', 'द्ध', 'ह्म' यांच्या पोटांतील मोकळ्या जागा बुजतात. ज्या वाक्याकडे लक्ष वेधावयाचें, तेंच वाचण्यास अवघड होऊन बसतें!

कोणी म्हणतील, वाचकास वेळ नाहीं. महत्त्वाचें तें त्यास चटकन् दिसावें. दिसावें खरें; त्यासाठीं मथळे आहेत, परिच्छेद आहेत. शिवाय मराठीच्या पदरीं 'च' आहे. 'त्यानें केलें' आणि 'त्यानेंच केलें' यांतील अंतर दाखविण्यास एका अक्षराहून अधिक शाई लागत नाहीं. शब्दांचा क्रम थोडा बदलला तरी जोर हवा तेथें जाऊन बसतो. हीं साधनें हातीं असतां लेखकानें खिळ्यांच्या जाडीचा आश्रय करावा, हें भाषेवरील अविश्वासाचें लक्षण होय.

आमचा खरा आक्षेप येथेंच आहे. जाड ठशानें विधान खरें ठरत नाहीं, प्रमाणानें ठरतें. काळें वाक्य पाहून इतर वाक्यें ओलांडण्याची संवय वाचकास लागली, म्हणजे निष्कर्ष तेवढा राहतो आणि तो कसा निघाला हें पाहण्यास कोणी थांबत नाहीं. मग चूक कोण पकडणार?

तेव्हां लेखकांस आमची विनंति एवढीच, कीं ती कळ दाबण्यापूर्वीं तें वाक्य साध्या, सरळ अक्षरांत एकवार मोठ्यानें वाचावें. तें फिकें वाटलें, तर दोष अक्षराचा नाहीं.